लंडनची काच, लालपेठचा दगड

नणंदेची मुलगी लंडनहून आली की आमच्या चंद्रपूरच्या घरात चार दिवस दिवाळी असते. गेल्या हिवाळ्यातही तसंच झालं. रात्रीची जेवणं उरकली, भांडी पालथी पडली आणि आम्ही सगळ्याजणी सासूबाईंच्या खाटेभोवती जमलो. भाचीने फोन काढला आणि २०१९ साली तिथल्या क्यू गार्डनमध्ये पाहिलेल्या एका प्रदर्शनाचे फोटो दाखवायला सुरुवात केली.

काय सांगू मैत्रिणींनो! प्रदर्शन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हॉल येतो, भिंती येतात, टेबलं येतात. इथे तर अख्खी बागच प्रदर्शन. एका ठिकाणी निळ्या काचेचा काटेरी तारा, जणू आभाळातून निखळून जमिनीवर येऊन थांबलेला. झाडाझुडपांतून काचेचे कोंब वर आलेले. जुन्या भल्यामोठ्या काचघरात झाडांच्या डोक्यावर काचेचीच फुलं टांगलेली. खरं पान कुठलं नि काचेचं कुठलं, हे क्षणभर कळू नये. हे सगळं करणारा कलावंत अमेरिकेतला, नाव डेल चिहुली. १९७६ साली इंग्लंडमध्ये मोटारीच्या अपघातात त्याचा एक डोळा गेला. तीन वर्षांनी खांदा दुखावला, आणि तप्त काचेची जड नळी पेलणंही सुटलं. तेव्हापासून तो चित्रं काढून दाखवतो, उभा राहून सांगतो, आणि त्याच्या हाताखालची माणसं काच फुंकतात.

सासूबाई फोन अगदी नाकाशी धरून पाहत होत्या. म्हणाल्या, “एवढी काच उघड्यावर? ऊन लागलं तर तडकत नाही? पोरं दगड नाही मारत?”

प्रश्न अगदी बाईमाणसाचा, आणि खराही. मैत्रिणींनो, काच म्हणजे मुळात वाळू. वाळूत सोडा आणि चुनखडी मिसळून भट्टीत वितळून पातळ होईतो तापवायची, की झाली काच. कोबाल्ट घातलं की निळी, लोखंडाचा अंश असला की हिरवट, आणि अगदी थोडं सोनं घातलं तर माणकासारखी लाल. पण खरी मेख आहे ती थंड करण्यात. गरम चहा एकदम काचेच्या पेल्यात ओतला की तो तडकतो, म्हणून आपण आधी आत चमचा ठेवतो ना? चमचा थोडी उष्णता ओढून घेतो. तसंच घडवलेली काच एकदम गार होऊ द्यायची नाही, वेगळ्या भट्टीत तासन् तास हळूहळू निववायची. मग तिच्या अंगात ताण राहत नाही आणि ती ऊन-पाऊस सोसते.

“आणि दगड कुणी मारत नाही, आजी,” भाची म्हणाली. “लोक तिकीट काढून येतात, लांबून बघतात.” मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, “मामी, आपल्या चांद्याला आहे का गं असं काही? बाहेर, मोकळ्यावर मांडलेलं?”

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, “इथे कुठलं आलंय! इथे कोळसा आणि वाघ.”

“काहून नाही?” सासूबाई एकदम उठून बसल्या. “लालपेठच्या मूर्त्या हायेत ना! साठ वर्षं झाली मले या गावात येऊन. पाहीन पाहीन म्हनता राहूनच गेलं.”

मी गप्पच झाले. लग्न होऊन मलाही इथे तीस वर्षं झाली. पाहुणे आले की ताडोब्याचं बुकिंग करायचं, महाकालीचं दर्शन घडवायचं, जटपुरा दरवाजापाशी फोटो काढायचा. पण घरापासून रिक्षाने जेमतेम वीस मिनिटांवरचं लालपेठ? छे! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

काचेच्या नावाचा आजार

दुसऱ्याच दिवशी जायचं ठरलं, त्याला आणखी एक कारण होतं. सासूबाईंना काचबिंदू आहे. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावं आपण एका दमात घेतो, पण दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की बाई पुन्हा तांदूळ निवडायला बसते. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढून आतली नस सुकत जाते, आणि गेलेली नजर परत येत नाही. औषधाच्या थेंबांनी उरलेली फक्त सांभाळायची. शिवाय हा आजार बहुधा दुखत-खुपत नाही. नजर कडेकडेने जाते आणि समोरचं दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. आमच्याही लक्षात आलं ते सासूबाई दाराच्या चौकटीला आपटू लागल्या तेव्हा. आता त्यांना नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाले होते, “जे दाखवायचंय ते आता दाखवा.” (म्हणून सांगते, चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्या. घरात कुणाला काचबिंदू असेल तर नक्कीच.)

माळावरची देवी

सकाळी आठलाच निघालो. सासूबाईंनी ठेवणीतलं नऊवारी काढलं, पिशवीत हळदकुंकवाची डबी आणि तेलाची छोटी बाटली घेतली. देवाला जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं?

लालपेठ-बाबूपेठ म्हणजे शहराचं दक्षिण टोक. एका अंगाला कोळशाची खाण, दुसऱ्या अंगाला दाट वस्ती. एकेकाळी हा गावाबाहेरचा मोकळा माळ होता. आज घरं अगदी कुंपणाला येऊन भिडली आहेत. दोरीवर कपडे वाळत होते, कुठूनतरी फोडणीचा वास येत होता. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, उघड्या आभाळाखाली, त्या मूर्ती.

पहिल्यांदा दिसते ती दशमुखी दुर्गा. ‘दिसते’ म्हणणं चूकच, कारण ती एका नजरेत मावतच नाही. उभी नाही, बसलेली नाही, जमिनीवर आडवी पसरलेली. एकाच दगडातली, लांबी २५ फुटांच्या वर, वजन ५० टनांच्या वर. दहा तोंडं पाहून कुणी तिला रावणही म्हणतं. आसपास गणपती आहे, नंदी आहे, महादेवाची पिंड आहे, आणखीही अवाढव्य मूर्ती आहेत. प्रत्येक एकसंध दगडाची. देऊळ मात्र नाही. ना गाभारा, ना खांब, ना कळस. देव आहेत आणि घर नाही!

सासूबाईंना एवढी मोठी मूर्ती एकदम दिसेना. नळीतून हत्ती पाहायचा तो कसा? मग भाचीने त्यांचा हात धरला आणि दोघी मूर्तीच्या कडेकडेने चालू लागल्या. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, मान वळवायची, पाहायचं. “हे एक तोंड. हे दुसरं. थांब पोरी, हे तिसरं…” दहा मोजायला त्यांना बराच वेळ लागला. मी मागून चालत होते. मनात आलं, मी तर आल्या आल्या ‘बापरे, केवढी मोठी’ म्हणून मोकळी झाले होते. दहा तोंडं मी कुठे मोजली होती?

“ही तर आपली महाकालीच,” सासूबाई शेवटी म्हणाल्या. “झोपवून काहून ठेवली बापा?”

रायप्पाचं राहिलेलं देऊळ

त्याची गोष्ट अशी सांगतात. चारेकशे वर्षांपूर्वी चांद्याला गोंड राजांचं राज्य होतं. धुंड्या रामशहा या राजाच्या काळी रायप्पा नावाचा एक श्रीमंत कोमटी इथे राहत होता. महादेवाचं एक प्रचंड देऊळ बांधायचं त्याच्या मनात आलं. आपल्याकडे आधी देऊळ होतं आणि मग देव येतो. रायप्पाने आधी देव घडवायला घेतले, तेही तिथल्याच खडकातून. पाथरवट बसले, छिन्नी-हातोड्या चालल्या, एकेक मूर्ती आकाराला आली. आणि देवळाचा पाया पडायच्या आत रायप्पाच वारला. काम थांबलं ते थांबलं. मूर्ती उचलून उभ्या करणारं कुणी उरलं नाही.

भाची म्हणाली, “मामी, चिहुलीचे हात थांबले, पण त्याच्याभोवती माणसं होती. रायप्पाच्या मागे कुणीच नव्हतं का गं?”

याला काय उत्तर द्यावं? याच चांद्यात पुढे राणी हिराई होऊन गेली. नवरा बीरशहा मारला गेला, तर तिने त्याची देखणी समाधी उभी केली. महाकालीचं देऊळही तिनेच नव्याने बांधवून घेतलं. हाती घेतलेलं काम शेवटाला नेणारी बाई! ती समाधी अंचलेश्वराच्या देवळाजवळ आजही आहे. रायप्पाला अशी हिराई मिळाली नाही, एवढंच.

सासूबाईंना मात्र यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही. म्हणाल्या, “राहिलं तर राहिलं. एवढं तरी करून गेला ना तो. तुम्ही लोकं देवळाले गेले असते तर आत अंधारात काय दिसलं असतं मले? इथं उजेड हाय.”

खरंच की! गाभाऱ्यातली समईच्या उजेडातली मूर्ती सासूबाईंना आता दिसलीच नसती.

हळदकुंकवाचा प्रश्न

आता खरी अडचण आली. सासूबाईंनी पिशवीतून डबी आणि तेलाची बाटली काढली. भाचीने हळूच त्यांचा हात धरला. “आजी, नको ना गं लावू. दगड खराब होतो.”

सासूबाईंचा चेहरा उतरला. “देवीले कुंकू लावलं तं खराब होते? साठ वर्षांनी आली मी.”

मैत्रिणींनो, दोघींची बाजू मला कळत होती. तेल-शेंदूर लावणारी बाई काही दगडाची वैरी नसते, ती मायेनेच लावते. पण आमच्या चांद्याकडचा दगड वालुकाश्म. म्हणजे पुन्हा वाळूच! काच ही वितळवलेली वाळू, आणि हा दगड म्हणजे लाखो वर्षं दाबून-दाबून घट्ट झालेली वाळू. त्याला बारीक छिद्रं असतात. पावसात ओल आत जाते, उन्हात बाहेर येते, असा दगड श्वास घेत असतो. वरून तेल-शेंदराची पुटं चढली की ती छिद्रं बुजतात, ओल आतच कोंडते, आणि एक दिवस पुटाबरोबर दगडाचाही पापुद्रा सुटतो. नाक जातं, डोळा जातो, आणि आपण म्हणतो काळाने झिजवलं. ही जागा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेली आहे, ती यासाठीच.

आणि मी कुठल्या तोंडाने उपदेश करू? माझा मोठा मुलगा बारा वर्षांचा असताना एका सहलीत, एका जुन्या देवळाच्या खांबावर कंपासच्या टोकाने स्वतःचं नाव कोरून आला होता. घरी येऊन मोठ्या ऐटीत सांगितलं, आणि मी? मी हसले! “आमचा शिवाजी झाला हो” म्हणून शेजारणीला सांगितलंसुद्धा. तो ओरखडा अजून त्या खांबावर असणार. मी त्या दिवशी दोन शब्द बोलले असते तर पुढच्या खांबावरचं तरी एखादं नाव वाचलं असतं. लंडनमध्ये काचेला कुणी दगड मारत नाही, कारण तिथली माणसं फार गुणी असतात असं नाही. काच फुटते हे सगळ्यांना ठाऊक असतं. दगडही फुटतो हे आपल्याला ठाऊक नसतं, एवढाच फरक.

सासूबाई थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी डबी उघडली, चिमूट काढली, मूर्तीसमोर हवेतच ओवाळली, आणि वळून आधी माझ्या कपाळाला आणि मग भाचीच्या कपाळाला कुंकू लावलं. तेलाची बाटली पिशवीत परत गेली. “चला,” म्हणाल्या, “इची पूजा झाली.”

आणखी पुढे जायचं असेल तर

तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी चंद्रपूरला यायचं का? तर नाही, हाताशी दोन दिवस असतील तर गडचिरोलीकडे वळा. मूलवरून वैनगंगा ओलांडली की चामोर्शी तालुक्यातलं मार्कंडा लागतं. वैनगंगा इथे उत्तरेकडे वळून वाहते, म्हणून जागेचं माहात्म्य मोठं. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. नदीकाठच्या या देवळांच्या भिंतींवर देव, अप्सरा, वादक, प्राणी अशा मूर्तींची नुसती दाटी. म्हणून लोक त्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. कनिंगहॅमसारखा जाणकार १८७० च्या दशकात इथे येऊन हे सगळं लिहून गेला. मुख्य देवळावर जुन्या काळी वीज पडून पडझड झाली, आणि अलीकडे डागडुजीचं कामही बराच काळ रेंगाळलं. तरी जा. आरसा पाहणारी, पायातला काटा काढणारी बाई अशा देवळांच्या भिंतींवर नेहमी असते. मार्कंड्याला तुम्हाला कोण कोण भेटते ते शोधा. मुलांना हा खेळ फार आवडतो.

आणि जंगलाची खरी हौस असेल तर थेट दक्षिणेला सिरोंचा. तिथे वडधमला जीवाश्म उद्यान आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी उन्मळून गाडल्या गेलेल्या झाडांचे ओंडके तिथे दगड होऊन पडलेले आहेत. लाकूड कुजायच्या आत जमिनीतल्या पाण्याबरोबर सिलिका त्याच्यात शिरली, आणि कणाकणाने लाकडाची जागा तिने घेतली. ही सिलिका म्हणजे तीच, वाळूतली आणि काचेतली. लंडनला माणसाने काचेची झाडं केली. आमच्या सिरोंच्याला ती जमिनीने केली!

निघण्याआधी एवढं लक्षात ठेवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ चांगला. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन मुळीच येऊ नका.

नागपूरहून चंद्रपूर रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर. दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्गावर चंद्रपूर आणि बल्लारशा ही दोन्ही स्टेशनं आहेत.

लालपेठला सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना जा. तिरप्या उन्हात दगडावरचं कोरीवकाम उठून दिसतं. भर दुपारी सगळं सपाट वाटतं.

मूर्तींवर मुलांना चढवून फोटो काढू नका. फुलं, तेल, नारळ नेऊ नका. नमस्कार पुरतो.

सोबत पाणी, टोपी, आणि दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या घ्या. खाऊन झाल्यावर कागद-पिशव्या घरी परत आणा.

ज्यांची नजर कमी आहे त्यांना हाताला धरून हळूहळू फिरवा. त्यांना वेळ लागतो. तो द्या.

भाची परत गेली. जाताना तिने आजीला लालपेठचा फोटो मोठा करून दिला. तो आता खाटेजवळच्या भिंतीवर आहे. सासूबाईंची नजर गेल्या दोन-तीन महिन्यांत आणखी थोडी आखडली आहे. फोटोतलं फारसं दिसत नसावं. पण परवा शेजारची सूनबाई आली, तर तिला फोटोसमोर उभं करून सासूबाई बोट फिरवत सांगत होत्या, “हे पहिलं तोंड. हे दुसरं. हे तिसरं…” दहाही तोंडं त्यांनी बरोबर सांगितली.

ती सूनबाई म्हणाली, “काकू, आम्ही तर कधी गेलोच नाही हो तिकडे.”

पिकतं तिथं विकत नाही, हेच खरं. येत्या रविवारी मी तिला आणि तिच्या मुलांना घेऊन जाणार आहे. तुमच्याही गावाच्या टोकाला एखादा दगड, एखादी बारव, एखादं पडकं देऊळ तुमची वाट पाहत असेल. घरातल्या म्हातारीला विचारा. तिला ते ठाऊक असतं. कदाचित तिचंही ते पाहायचं राहून गेलेलं असेल.